तार कुणाच्या रानातून जाणार?

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या पोरापोरींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, पाल्हाळ तेवढा काढला आहे.)



मला लोक बोलावतात ते कविता म्हणायला. आज कविता नाही. आज जमिनीखालच्या पाण्यावर बोलायचंय. ते कसं शोधतात, कुठून कुठं वाहतं, आणि शोधणाऱ्याची तार कुणाच्या रानातून जाते, कुणाच्या रानाला वळसा घालते, यावर बोलायचंय. विषय शास्त्राचा आहे आणि मी नुसता मॅट्रिक. गोदीत माल उचलतो. त्यामुळं मागं बसलेल्या आपल्या बी. एस्सी. झालेल्या भावाला वाटत असेल, हा काय सांगणार कपाळ. त्यानं चूक पकडावी. मला राग येणार नाही. न समजता टाळ्या वाजवल्या तर मात्र येईल.

गोदीत शे-दीडशे पिंपं उभी असतात. कुठलं भरलेलं, कुठलं अर्धं, कुठलं गळून रिकामं झालेलं, हे झाकण न उघडता सांगावं लागतं. आमच्या टोळीतला म्हातारा मुकादम पिंपावर हुकाची मूठ मारतो आणि आवाज ऐकतो. वरनं खाली मारत येतो. जिथं आवाज बदलला तिथं माल. शंभरात पाच-सहा वेळा चुकतो, तेव्हा दुसऱ्या बाजूनं पिंप हलवून बघतो. आज मी ज्या शास्त्राबद्दल बोलणार, ते हेच करतं. त्याला भूभौतिक सर्वेक्षण म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. न उघडता आत काय आहे ते ओळखायचं, आणि एका खुणेवर विश्वास न ठेवता दुसरी खूण बघायची, एवढंच त्यात आहे.

आता आपल्या पायाखाली काय आहे ते बघू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला. एकदा नाही, पुन्हापुन्हा. एक थर निवला की त्यावर दुसरा. शिवनेरीकडं बघा, हडसरकडं बघा, चावंडकडं बघा. डोंगराला पायऱ्या पडल्यागत दिसतात ना? एकेक पायरी म्हणजे लाव्हाचे थर. थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून बारीक भोकं झाली, खाली घट्ट काळा पाषाण राहिला. दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या गेरूसारखी माती सापडते. विहीर खोदलेल्या माणसाला हे सगळं ठाऊक आहे. वर माती, मग मुरूम, मग मऊ खडक, मग कातळ, मग तांबडा पट्टा, मग पुन्हा कातळ.

पाणी कुठं असतं? लोक म्हणतात जमिनीखाली नदी वाहते. आपल्याकडं अशी नदीबिदी नाही. पाणी असतं मुरमात, कुजलेल्या खडकात, कातळाच्या भेगांत, आणि दोन थरांच्या सांध्यात. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नाहीच. मुरमासारख्या चांगल्या जागेतसुद्धा शंभर घागरी खडकातनं हाताला लागणारं पाणी एक ते तीन घागरी. यावरनं समजा, की आपल्या भागातलं भूजल म्हणजे श्रीमंताची तिजोरी नव्हे, ते गरिबाचं गाठोडं आहे. एकानं हात घातला की दुसऱ्याचं संपतं. आणि वरनं सपाट दिसणाऱ्या रानाखाली कुठं मुरूम दहा फूट, कुठं पन्नास फूट. एका बोअरला दोन इंच पाणी आणि तीस पावलांवरच्या बोअरला नुसता धुरळा, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

त्यात आणखी एक भानगड. आपल्या नाशिक-पुणे पट्ट्यात डाइक आहेत. डाइक म्हणजे जुन्या खडकाची उभी भेग फाडून वर आलेल्या लाव्हाची दगडी भिंत. काही ठिकाणी ती वर दिसते, काही ठिकाणी मातीखाली गाडलेली. ती घट्ट असली तर जमिनीखालचं पाणी धरणागत अडवते. एका अंगाला विहिरी भरलेल्या, दुसऱ्या अंगाला कोरड्या. तीच भिंत तडकलेली असली तर पाण्याची वाट होते. म्हणजे गावकुसाबाहेर जशी भिंत होती, तशी जमिनीखालीही भिंत असते. फरक एवढाच, की खालची भिंत जात बघून बांधलेली नाही. तिच्या कुठल्या अंगाला आपल्याला बसवलं, ते मात्र जात बघूनच ठरलं.

आता पाणाड्याबद्दल. माझा थोरला चुलता पाणाड्या होता. आम्ही त्याला नाना म्हणायचो. आणे पठारापासनं खाली ओतूरपर्यंत त्याला बोलावणं यायचं. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचा. नारळ उभा राहिला की पाय आपटायचा, 'हितं खंदा'. पाणी लागलं की पाटील खूश. नानाला मिळायचं काय? सव्वा रुपया आणि तोच नारळ. ज्या विहिरीची जागा त्यानं दाखवली, तिच्या काठावर त्याला कधी पोहरा हाताला लागला नाही. दुसऱ्यानं वरनं ओंजळीत ओतायचं आणि ह्यानं वाकून प्यायचं. असं त्यानंच मला सांगितलं, हसत हसत. मला हसू आलं नाही.

म्हातारपणी मी त्याला विचारलं, ''नाना, किती जागा दाखवल्या आन् किती कोरड्या गेल्या?'' तो म्हणाला, ''कोरड्या कोन मोजतंय?'' मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, ''आरं, उंबर कुठं हाय बघायचं. वढ्याची वळण बघायची. चैतात गवत कुठं हिरवं ऱ्हातं ते बघायचं. नारळ काय, लोकान्ला बघाया लागतो.''

मित्रांनो, नाना खोटारडा नव्हता. त्याचे डोळे शास्त्रज्ञाचे होते. उंबर, ओढा, हिरवळ ह्या खऱ्या खुणा आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त झाडं आणि वारुळं बघून पाणी ओळखायच्या खुणांवर अख्खा अध्याय लिहिला. नानाला तो संस्कृत अध्याय वाचायला कुणी दिला असता? त्यानं पायानं वाचला. पण नारळ ही लबाडी होती आणि कोरड्या विहिरी न मोजणं ही दुसरी लबाडी. नानाला वाटायचं, की नुसत्या डोळ्यानं सांगितलं तर महाराच्या शब्दाला किंमत कोण देणार, म्हणून देवाचं नाव घ्यायचं. त्याची लाचारी मला समजते. पण आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत. आपल्या माणसानं फिरवला म्हणून नारळ खरा होत नाही. आज शंभर, दोनशे फूट खोलीचं कर्ज काढून बोअर मारणाऱ्या बापड्याला नारळावर सोडणं हा गुन्हा आहे.

आता यंत्राचं सांगतो. हे मी पुस्तकातनं नंतर वाचलं, आधी खांद्यावर वाहिलं. एका उन्हाळ्यात गोदीत काम नव्हतं म्हणून गावी आलो होतो. गावात पाण्याचा सर्व्हे करायला माणसं आली. तार ओढायला, खुंट्या ठोकायला रोजंदारीवर माणूस पाहिजे होता. मी गेलो.

एक पेटी असते. चार लोखंडी खुंट्या असतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतनं जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन खुंट्यांत दाब किती येतो तो मोजायचा. दाबाला विजेनं भागलं की अडथळा किती ते कळतं. शाळेत ओहमचा नियम शिकलो होतो तोच हा. कोरडा घट्ट पाषाण विजेला अडवतो. ओला, भेगाळलेला खडक वाट देतो. चिकणमाती तर फारच सहज वाट देते. खुंट्या जवळ असल्या तर वीज वरवरनं जाते, बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत गेलं की ती खोल उतरते. प्रत्येक वेळी आकडा लिहायचा. मुकादम पिंपावर वरनं खाली मूठ मारत येतो ना, तसंच.

एक हिशेब करून दाखवतो, कारण आपल्या पोरांना आकड्यांची भीती घातलेली आहे. चारही खुंट्या सारख्या अंतरावर ठेवायची एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या वेनर नावाच्या माणसानं ती १९१५ च्या सुमारास मांडली. त्यात दोनदा पाय, गुणिले अंतर, गुणिले अडथळा. पाय म्हणजे ३.१४. अंतर २० मीटर, अडथळा ०.४ ओहम आला असं धरा. ६.२८ गुणिले २० म्हणजे १२५.६. त्याला ०.४ नं गुणा. सुमारे ५० ओहम-मीटर. झालं! सातवीतलं गणित. आता अर्थ लावा. आपल्या काळ्या खडकाच्या मुलखात साधारण असं धरतात, की दहाच्या खाली आकडा आला तर चिकणमाती असावी, वीस ते सत्तरच्या दरम्यान आला तर कुजका किंवा भेगांचा ओला खडक असावा, शंभरच्या वर चढत शेकड्यांत गेला तर घट्ट पाषाण. पन्नास म्हणजे आशा आहे. आशा, बरं का. खात्री नव्हे. कारण एकच आकडा दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. ओला मुरूम आणि कोरडा मुरूम अधिक थोडी चिकणमाती, यंत्राला सारखंच वाटू शकतं. आणि शंभर मीटर तार सोडली म्हणजे शंभर मीटर खोल दिसलं असंही नाही. एवढ्या तारेत खोली बरीच कमी दिसते. जो तुम्हाला पेटीत बघून 'एकशे ऐंशी फुटांवर तीन इंच पाणी' असं छातीठोक सांगतो, तो सुटाबुटातला नारळवाला समजा.

म्हणून दुसरी खूण बघायची. डाइक शोधायला चुंबकीय मोजणी करतात. आपल्या खडकात चुंबकाकडं ओढणारे लोखंडी कण असतात. यंत्र घेऊन सरळ रेषेत चालायचं, गाडलेल्या भिंतीवर आलं की आकडा वेगळा येतो. तेव्हा खिशातल्या किल्ल्या, कमरेचा चाकू काढून ठेवावा लागतो. तिसरी पद्धत घणाची. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवून घण मारायचा आणि लांबवर ठेवलेल्या यंत्रांत हादरा किती वेळानं पोचला ते मोजायचं. कोरड्या मुरमात हादरा सेकंदाला काहीशे मीटर चालतो, पाण्यात सुमारे पंधराशे, घट्ट पाषाणात चार-पाच हजार. म्हणजे कातळ किती खोल आहे ते कळतं. चौथी पद्धत मला फार आवडली. पाणी खडकातनं झिरपताना आपोआप बारीकशी वीज तयार होते, व्होल्टचा हजारावा भाग वगैरे. मोरचुदाचं पाणी भरलेली मातीची सच्छिद्र भांडी जमिनीत ठेवून ती मोजतात. धरणाच्या भिंतीतली गळती अशी शोधतात. वाहतं पाणी स्वतःच सही करून जातं!

तर त्या सर्व्हेच्या दिवशी काय झालं ते ऐका.

मे महिना. जमीन भाजलेली. वाळलेल्या मातीत खुंटीतनं वीज उतरत नाही. म्हणून खुंटीच्या बुडाशी पाणी ओतावं लागतं, मीठ घालून. पाणी शोधायला पाणी लागतं. ते कुठनं आणायचं? वस्ती जवळ होती. माझी आई दोन हंडे घेऊन आली. टँकरचं पाणी, तासभर रांगेत उभं राहून भरलेलं. मीच ते खुंट्यांवर ओतलं. आई बघत होती. म्हणाली, ''आता आपल्यासाठी मोजत्यात म्हनल्यावर ओत बाबा.''

मग तार पसरायची वेळ आली. ह्या पद्धतीत मध्यापासनं दोन्हीकडं दीडशे-दीडशे मीटर सरळ जायचं होतं. म्हणजे तीनशे मीटरची सरळ लांबी पाहिजे. आमच्या वस्तीला तीनशे मीटर लांबी कुठाय? घराला घर चिकटलेलं, एका बाजूला ओढा, तिन्ही बाजूंना दुसऱ्यांची रानं. साहेब पोरगा चांगला होता. कॉलेजातनं नुकताच निघालेला. तो शेजारच्या रानमालकाकडं विचारायला गेला. ''तेवढी तार रानातून जाऊ द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.'' मालक म्हणाला, ''माझ्या रानात मोजायचं असलं तर मोजा. त्यांच्यासाठी माझ्या रानातनं तार जाणार नाही.''

आणि मोजणी त्याच्या रानात झाली. तीन जागा मोजल्या. तार मीच ओढली. आईच्या हंड्यांतलं पाणी त्याच्या खुंट्यांवर मी ओतलं. वस्तीच्या रकान्यात लिहिलं गेलं, 'पुरेशी जागा उपलब्ध नाही.' त्या कागदात जातीचा शब्द नाही, शिवी नाही, शिवाशिव नाही. कायद्यानं पकडता येईल असं त्यात काही नाही. पण माझ्यासाठी तो मनुस्मृतीचाच कागद होता.

दोन महिन्यांनी त्या रानात बोअर लागलं, चारशे फूट. पाणी फोफावलं. त्या दिवाळीनंतर आमचा हापसा हवा ओढायला लागला. आडाचं पाणी तळाला गेलं. हापशापासनं ते बोअर मी पावलांनी मोजलं, दोनशेच्या आतच भरलं.

दोस्तांनो, हापसा म्हणजे आपल्याला काय होता ते नव्या पोरांना सांगायला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत गावोगाव बोअर पडली. हापशाचं जे मॉडेल सगळ्या देशात गेलं, इंडिया मार्क टू, ते आपल्या सोलापूरच्या पंपावरनं सुधारून केलेलं. माझी आजी सांगायची, वस्तीत हापसा बसला त्या दिवशी पहिल्यांदा कुणाची वाट न बघता तिनं पाणी भरलं. तोवर गावच्या विहिरीवर दुसऱ्यानं ओतायची वाट बघत बसायचं. १९२३ साली बोल्यांचा ठराव झाला होता, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. तरी कोर्टात लढत लढत निकाल यायला १९३७ उजाडलं. मग घटनेचं पंधरावं कलम आलं. सरकारी पैशाच्या विहिरी-तळ्यांवर कुणाला मज्जाव नाही. आज आपल्याला कोणी विहिरीवरनं हाकलत नाही. विहिरीतलं पाणीच खालनं काढून घेतात. दोर तुमचा, पोहरा तुमचा, हक्क तुमचा, पाणी त्यांचं.

हे बेकायदा नाही का? ऐका. इंग्रजांनी १८८२ साली सुविधाधिकाराचा कायदा केला. त्यात असं, की ठरलेल्या प्रवाहात न वाहणारं जमिनीखालचं पाणी जमीनमालकानं आपल्या हद्दीत हवं तसं घ्यावं. म्हणजे पाणी जमिनीच्या मागं. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. वतनाच्या नावाखाली आपल्याला गावाची गुलामी दिली आणि बांधभर तुकडा दिला. १९५८ ला कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली, तो तुकडाही कितीकांचा कुणी ना कुणी गिळला. मग खालचं पाणी कुठनं आपलं होणार? हा कायदा झाला तेव्हा जमिनीखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. फ्रान्समध्ये श्लुंबर्जरनं जमिनीत वीज सोडून पहिले प्रयोग केले ते १९१२ च्या सुमारास. आज दिसतं, तरी मालकीची कल्पना जुन्या आंधळ्या काळातलीच.

नवे कायदे आहेत. १९९३ चा महाराष्ट्राचा कायदा म्हणाला, सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासनं ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही. मग २००९ चा भूजल कायदा झाला, तो २०१४ पासनं लागू आहे. त्यातही पिण्याच्या पाण्याला हे संरक्षण आहे, आणि शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. आपल्या भागात रात्री गाडी घरघरते आणि सकाळी चारशे फुटांचा पांढरा धुरळा झाडांवर बसलेला असतो. कायदा कुठं आहे? कागदावर झोपलाय.

आम्ही अर्ज केला. साहेब म्हणाले, तुमच्या हापशाचं पाणी त्या बोअरनंच गेलं हे सिद्ध करा. खालचा झरा तोच कशावरनं?

मला राग आला. गोदीत राग आला की वजन उचलतो, इथं काय उचलणार? मग त्या पोरग्या साहेबाचं एक वाक्य आठवलं. तो म्हणाला होता, यंत्र नसलं तरी पाण्याची पातळी रोज मोजली तर अर्धं भूजलशास्त्र हातात येतं. वस्तीतल्या दोन पोरी, एक दहावीची, एक बारावीची. त्यांना वही दिली. दोरीला दगड बांधला, दोरीवर वीत-वीत अंतरानं गाठी मारल्या. सकाळ-संध्याकाळ आडात दोरी सोडायची, किती गाठी कोरड्या ते लिहायचं. शेजारी लिहायचं, बोअरची मोटर चालू का बंद. तुम्हाला माहीत आहे, शेतीची लाइट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आम्हाला ती पाळीच उपयोगी पडली. एकवीस दिवसांच्या वहीत साफ दिसलं. लाइट दिवसाची, तेव्हा संध्याकाळी पाणी वीत-दीड वीत खाली. लाइट रात्रीची, तेव्हा सकाळी खाली आणि संध्याकाळपर्यंत परत वर. तीन दिवस ट्रान्सफॉर्मर जळाला होता, त्या तीन दिवसांत पाणी चढतच गेलं. आडाला घड्याळ नाही. मग मोटरीच्या वेळेला तो खालीवर का होतो? कारण खाली सांधा एक आहे.

ती वही अर्जाला जोडली आहे. निकाल अजून नाही. मी तुम्हाला विजयाची बातमी द्यायला आलेलो नाही. पण 'सिद्ध करा' म्हणणाऱ्या साहेबानं ती वही दोनदा चाळली आणि विचारलं, ''हे कुणी सांगितलं तुम्हाला?'' त्याचा तो प्रश्नच मला अर्धा निकाल वाटला.

काही साथी मला म्हणतात, हे सुधारणावादी काम आहे. आपली लढाई जमिनीची, सत्तेची. दोरीला गाठी कसल्या मारत बसलाय? मी म्हणतो, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हा दामोदर खोऱ्याचं, पाण्याच्या आयोगाचं काम करत होते. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग आयोग त्यांच्याच काळात झाला. त्यांना लढाई कळत नव्हती का? आणि दुसरं, तार पसरायला लांबी लागते. ती लांबी आपल्याला कुठं मिळेल? गायरानात. ज्या गायरानासाठी आपली माणसं मार खातात, कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तिथंच सरळ तीनशे मीटर मिळतात. जमिनीची लढाई आणि पाण्याची मोजणी एकाच बांधावर भेटतात. गायरान गेलं तर तारही गेली.

आणि ही गोष्ट आपल्या एकट्यांची नाही. आंबेगावच्या पश्चिमेला महादेव कोळी, ठाकर बांधव राहतात. तिकडं पाऊस धो धो आणि फेब्रुवारीनंतर बाया झिऱ्यावर वाटीवाटीनं पाणी भरतात, कारण उतारावरनं पाणी निघून जातं. घोड नदीवर डिंभे धरण झालं, जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं, आणि कुकडी प्रकल्पाचे कालवे पूर्वेला पारनेर, श्रीगोंदा, करमाळ्यापर्यंत गेले. मधल्या आणे पठारावर, लोणी-धामणीत, सातगाव पठारावर माणसं वर ढगाकडं बघत राहिली. ३० जुलै २०१४ ची सकाळ आठवा. माळीण. पावसानं डोंगराची कुजकी माती-मुरूम पाण्यानं फुगली, कातळावरनं सुटली आणि गाव गाडलं. दीडशेवर माणसं. कुणी पावसाला दोष दिला, कुणी यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाला. मी निवाडा देत नाही. एवढंच म्हणतो, की कातळावर मुरमाचा थर किती जाड आहे, त्यात पाणी कुठं साठतंय, हे ह्याच तारेनं आणि ह्याच घणानं मोजता येतं. जे यंत्र तहान भागवायला आहे तेच माणसं उठवायलाही आहे. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर ते पावसाआधी पोचलं पाहिजे, मेल्यानंतर नव्हे.

यंत्र आपल्या तालुक्याला नवं आहे असं कुणी म्हणू नये. आर्वीला १९७१ साली उपग्रहाशी बोलणारं केंद्र उभं राहिलं. खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. तीस तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची, पंचवीस किलोमीटरच्या मुलखात पसरलेल्या. आकाशातनं आलेला अतिबारीक आवाज ऐकतात. मला त्या तबकड्यांचा अभिमान आहे, खोटं नाही सांगत. गोविंद स्वरूपांसारख्या माणसानं साध्या तारांच्या जाळीतनं ते उभं केलं. त्यासाठी कितीक रानांतनं तारा गेल्या, देशाचं काम म्हणून. मग माझ्या वस्तीच्या पाण्यासाठी तीनशे मीटर तार अर्धा तास का जात नाही? ते देशाचं काम नव्हे?

आणि मागं जा, दोन हजार वर्षं. जुन्नरच्या लेण्यांत पोढ्या आहेत, कातळात कोरलेली पाण्याची टाकी. त्या बांधवांनी धम्माला दान दिल्या. एका शिलालेखात इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दान दिल्याचं कोरलंय. परदेशातनं आलेला माणूस, इथं पाणी दान करून गेला. ते पाणी कुणी प्यायचं नाही असं त्यात कुठं कोरलेलं नाही. आपला वारसा सांगायचा तर तो सांगा.

आता काय करायचं, चार गोष्टी सांगून थांबतो.

एक. प्रत्येक वस्तीत एक मुलगा, एक मुलगी, एक दोरी, एक वही. आड, विहीर, हापसा, जे असेल ते मोजा. पाऊस मोजा, डब्यात पट्टी घालून मोजा. कोरड्या बोअरसुद्धा लिहा. नानानं जे मोजलं नाही ते आपण मोजायचं.

दोन. सर्व्हे झाला की त्याचे आकडे ग्रामसभेत मराठीतनं वाचून दाखवायला लावा. कुठं मोजलं, कुठं नाही, का नाही. 'जागा उपलब्ध नाही' असं लिहिलं असेल तर जागा कुणी दिली नाही त्याचं नाव लिहायला लावा.

तीन. पिण्याच्या पाण्याच्या मोजणीसाठी तार कुणाच्याही रानातून गेली पाहिजे, ही मागणी घेऊन आपण तहसीलवर जायचं. विजेचे खांब कुणाला विचारून रोवतात?

चार. आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनी, मागच्या त्या बी. एस्सी. भावानं, हे यंत्र शिकायचं. तार ओढायला आपण आणि आकडा वाचायला दुसरा, हे किती पिढ्या चालणार? खुंटी ठोकणाऱ्यानंच पेटीत बघितलं पाहिजे.

नाना गेला त्याला चार वर्षं झाली. त्याचा नारळ मी ठेवला नाही. तो ज्या उंबराखाली बसायचा तो उंबर ओढ्याकाठी आहे, गायरानाच्या हद्दीत. येत्या उन्हाळ्यात तार तिथनं पसरायची असं आम्ही वस्तीनं ठरवलंय. परवानगीचा अर्ज दिलाय. ज्याला यायचंय त्यानं यावं. खुंट्यांवर ओतायला येताना आपापली बाटली भरून आणा. आईचे हंडे मी पुन्हा रिकामे करणार नाही.

जय भीम.